विरजण लागलं नाही तेव्हा

पलूस, जि. सांगली

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. डाळिंबाचे फोटो पाहिले. तेल्या रोगाचे डाग बघून पोटात कालवलं. पण खाली तू लिहिलंस, "स्ट्रेप्टोची पुडी मारली, जरा जास्तच घातली," तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. ती पुडी म्हणजे अँटिबायोटिक, जंतू मारणारं औषधच.

आधी दादांचं सांगतो. लघवीच्या इन्फेक्शनने हुडहुडी भरली म्हणून मिरजेत ॲडमिट केलं. लघवीतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आला. औषधांची नावं एकाखाली एक आणि पुढे आर, आर, आर. आर म्हणजे हा जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस, म्हणजे औषध लागू पडतं, फक्त तीन ठिकाणी. जळजळ झाली की दुकानातून दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, असं दादांचं कित्येक वर्षं चाललं होतं. गोळ्या मीच आणून द्यायचो, बापू. आता मेरोपेनेम नावाचं अँटिबायोटिक दर आठ तासांनी शिरेतून चालू आहे.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात नेमकं हेच सांगून ठेवलंय. घसा दुखतो म्हणून एकजण स्वतःच्या मनाने थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, औषध पचवायला शिकतात. तेच पुढे बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. हे त्याने रचलेलं उदाहरण, पण मला त्या वॉर्डात बसून ते खरंच वाटलं.

मागच्या महिन्यात आमच्या गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली. डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली आणि बजावलं, सांगितलेले दिवस भरेपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही नाही. आईचा जीव दूध ओतून द्यायला होईना. तिने तापवून विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच पातळ, विरजण तळाशी. उकळूनही औषध पुरतं गेलं नव्हतं, त्याने दह्याचे जंतूच मारले. तेच दूध पोरांनी प्यायलं असतं.

तुझ्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली सापडलं, क्षयावर लागू पडलेलं ते पहिलं अँटिबायोटिक. तेल्या जिवाणूचाच रोग, त्यामुळे फवारल्यावर फरक दिसत असेल, मी नाही म्हणत नाही. पण फवारा मातीतही उतरतो. तिथले तगलेले जंतू औषधाला दाद न देण्याचा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात, आणि त्याच मातीत आपण अनवाणी फिरतो.

त्यापेक्षा रोगट फांद्या छाटून जाळ, प्रत्येक झाडाला कात्री निर्जंतुक कर, कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लाव. जमलं तर पावसाळ्यातला मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धर. यात राबणूक जास्त आहे, मला माहीत आहे. छाटणीला मी दोन दिवस येतो.

आणि धाकटीला सर्दी झाली की डब्यातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नकोस. सर्दी विषाणूची, तिथे तिचा काही उपयोग नाही.

दादांची चार दिवसांची इंजेक्शनं राहिलीत. काल रात्री ताप नव्हता, सकाळी चहा मागितला.

तुझा,
दिनू