सही न केल्याबद्दल आभार

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

आपण चाकणच्या नव्या शेडमध्ये रुजू झालात, त्याला आता महिना होईल. निरोपाच्या चहाच्या वेळी मी चार शब्द बोललो खरा, पण जे बोलायला हवे होते ते साहेब लोकांसमोर माझ्या तोंडून निघाले नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहीत आहे, कारण भोसरी, चाकण, रांजणगाव येथील प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या विभागांत, माझ्यासारखे सुरक्षा अधिकारी पुष्कळ आहेत आणि सुरक्षा समितीच्या बैठकीत समोर बसलेल्या कामगार प्रतिनिधीला त्यांनीही कधी काही विचारले नसण्याचा संभव आहे. आपले व कारखान्याचे नाव मात्र लिहीत नाही. तसे आपणच बजावले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीत, ६३ टनी प्रेसवर एका कंत्राटी मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. सकाळी साडेदहापर्यंत माझा चौकशी अहवाल तयार होता. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा, गार्ड उघडा ठेवून काम केले’ असे मी लिहिले होते (गार्ड म्हणजे प्रेसमध्ये हात जाऊ न देणारे आवरण) आणि ‘उपाययोजना’ या रकान्यात ‘कामगारास समज देण्यात आली’ असे. समज द्यायला तो मुलगा जागेवर नव्हता, रुग्णालयात होता, हेही माझ्या ध्यानात आले नाही. समितीतील कामगार प्रतिनिधी म्हणून आपल्या सहीसाठी मी कागद पुढे केला. आपण तो दोनदा वाचलात, चष्मा खिशात ठेवलात आणि म्हणालात, ‘‘साहेब, गार्ड उघडा होता हे खरं. पण तो का उघडा होता, ते यात कुठं आहे?’’ सही आपण केली नाहीत. त्या न केलेल्या सहीबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो.

त्या वेळी मला राग आला होता, हे कबूल करतो. दुपारी आपण मला त्याच प्रेसवर नेलेत, गार्ड बंद केलात आणि स्वतः तासभर काम करून दाखवलेत. टार्गेट तासाला ४५० नगांचे होते; आपल्या मुरलेल्या हातांनी ३७० झाले. दर पंधरा-वीस नगांमागे कापलेला तुकडा डायमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्यात, अडकत होता आणि तो काढण्यासाठी प्रत्येक वेळी गार्ड उघडावा लागत होता. मग आपण विचारलेत की टार्गेट ठरवण्यासाठी टाइम स्टडी, म्हणजे कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी, घेतली तेव्हा गार्ड लावलेला होता का. मी कागदपत्रे शोधली. नव्हता. म्हणजे जो मुलगा गार्ड लावील त्याचे नग कमी भरणार, जो तारेने बांधून वर ठेवील त्याला शाबासकी मिळणार, आणि बोटे गेली की मी निष्काळजीपणा लिहिणार, अशी ही सगळी रचना होती व तिच्यावर माझीच सही होती. नंतर डायवर हवेचा फवारा बसवून तुकडा आपोआप बाहेर पडेल अशी सोय झाली आणि टार्गेट गार्ड लावून नव्याने ठरले. एवढ्यासाठी कोणाला परदेशातून बोलवावे लागले नाही.

निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, वहीबद्दलही लिहायला हवे. ती माझ्या केबिनमध्ये कपाटात असे आणि सलग चार महिने कोरी होती. ‘अपघातमुक्त दिवस’ लिहिलेल्या फळ्याइतकाच मला त्या कोरेपणाचाही अभिमान होता. वहीत एक छापील रकाना होता, ‘कोणाच्या चुकीमुळे’. आपण पट्टी घेऊन तो रकाना उभा खोडलात, वही चहाच्या जागेवर दोरीने बांधलीत आणि पहिली नोंद स्वतःची केलीत: दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या दोन बटणांपैकी एक बटण बोल्ट अडकवून आपणच महिनाभर दाबून ठेवले होते आणि एक हात मोकळा ठेवून काम केले होते. सव्वीस वर्षे प्रेसवर काढलेला माणूस असे लिहितो म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. त्या महिन्यात अकरा नोंदी आल्या. त्यांतल्या दोन वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण दोन्ही ठिकाणी जुन्या प्रेसने पॅडल एकदाच दाबलेले असताना दोनदा स्ट्रोक मारला होता.

पुढे मालकांनी सर्व प्रेसना लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी कोटेशनही मागवले होते. आपण बैठकीत हात वर केलात. त्या तीन जुन्या प्रेस पिन क्लचच्या आहेत. क्लच एकदा फ्लायव्हीलशी, म्हणजे फिरत्या जड चाकाशी, जोडला गेला की रॅम, म्हणजे वरून खाली येणारा दट्ट्या, पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मधे थांबत नाही. हात आत गेल्याची खबर कर्टनला लागेल, पण रॅमला थांबवणार कोण? हे मी पुस्तकात वाचले होते, मामा, आणि आमच्याच शेडमध्ये उभे राहून विसरलो होतो. कर्टन फक्त मधेच थांबवता येणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसना लागले. जुन्यांच्या डायला पत्रा आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढ्याच फटीचे बंदिस्त गार्ड करायचे ठरले, आणि घिसलेल्या पिना व स्प्रिंगा बदलल्या.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात सुधारणा झाली आणि घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती कलम ४१ जीने बंधनकारक केली. आमच्या प्लेटिंग विभागामुळे, म्हणजे रसायनांनी धातूचा मुलामा देणाऱ्या विभागामुळे, ती आमच्याकडेही होती. परीक्षेत या कलमावर मी चांगले उत्तर लिहिले होते. प्रत्यक्षात आमच्या समितीचे इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी टाइप होत असे. प्रेस चालवणारी बहुतेक मुले कंत्राटी आणि समितीतले सगळे कामगार कायम, ही विसंगती आपण दाखवेपर्यंत कोणालाच टोचली नव्हती. त्या मुलांपैकी एकाला आपण आपल्या शेजारी खुर्ची देऊन बसवलेत. ‘‘हा समितीचा सदस्य नाही,’’ असा आक्षेप आला, तेव्हा ‘‘बोटं पण समितीच्या सदस्यांची जात नाहीत,’’ एवढेच आपण म्हणालात. तो मुलगा पहिल्या बैठकीत एकच वाक्य बोलला: सात नंबरच्या प्रेसवर दिवा पाठीमागे आहे, रात्री त्याचीच सावली डायवर पडते. दिवा दुसऱ्या दिवशी हलला. अहवालात मी प्रकाशाची पातळी ‘समाधानकारक’ लिहिली होती, ती दिवसा मोजलेली होती.

आपल्यामुळे मला कमीपणाही घ्यावा लागला, तो वेगळा. चौकशी अहवाल मी दुसऱ्यांदा लिहिला आणि कारणांमध्ये टार्गेट, डाय व टाइम स्टडी या तिन्ही गोष्टी घातल्या. वरिष्ठांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणे केले नाही. त्या अहवालावर आपली सही आहे. तो बोटे गेलेला मुलगा आता स्टोअरमध्ये आहे. त्याला भेटलो की मी अजूनही अवघडतो.

एक काम राहिले आहे. तिसऱ्या जुन्या प्रेसच्या गार्डचे ड्रॉइंग आले आहे, पण फट आपण सांगितली होती त्यापेक्षा मला मोठी वाटते. फॅब्रिकेशनला देण्यापूर्वी आपल्या नजरेखालून जावे अशी इच्छा आहे. येत्या शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर मी ड्रॉइंग आणि पत्र्याचा नमुना घेऊन चाकणला येतो. तोवर ती प्रेस बंदच ठेवली आहे.

आपला,
भोसरीच्या शेडमधील सुरक्षा अधिकारी