खालची फळी

इचलकरंजी, रविवार दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला जाताना तू बजावून गेलीस, ‘कपाट आवर, पण खालच्या फळीला हात लावू नकोस.’ तुझ्या आजीने लोणच्याच्या बरणीबद्दल मला असंच बजावलं होतं, आणि ती बरणी मी किती दिवसांत उघडली ते तुला ठाऊक आहे. तर फळी आवरली. पुस्तकं पुसली, ओळीने लावली आणि मग वाचलीसुद्धा. पहिल्या दिवशी मी शेवटाकडून सुरुवात केली, आणि सगळ्या मुली आधी रडतात आणि मग ओळख करून घेतात हे काय प्रकरण आहे ते कळेना. बाबांनी येऊन सांगितलं की जपानी चित्रकथांचं पुस्तक, म्हणजे मांगा, उजवीकडून उघडायचं. त्यांना हे कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. बहुतेक त्यांनीही फळी ‘आवरली’ असावी.

शाळेत जाणाऱ्या मुली, त्यांचे गणवेश, रेल्वेचं फाटक, छत्री, आणि एकमेकींवर जडलेला जीव. या प्रकाराला ‘युरी’ म्हणतात, म्हणजे लिली, हे तू एकदा जेवताना सांगितलं होतंस आणि मी ‘भात वाढू का’ म्हणाले होते. आता ऐकते. १९७६ मध्ये इतो बुंगाकु या संपादकाने पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या मासिकात बायकांसाठी एक सदर काढलं. मासिकाच्या नावात गुलाब होता, म्हणून सदराला लिली. पण गोष्टी त्याआधीच्या आहेत. योशिया नोबुकोने १९१६ पासून मुलींच्या मासिकात ‘हाना मोनोगातारी’ लिहायला घेतलं, म्हणजे फुलांच्या गोष्टी. मुलींच्या शाळा, वसतिगृहं, थोरली विद्यार्थिनी आणि धाकटी. धाकटीने थोरलीला ‘ताई’ म्हणायचं, दोघींनी एकमेकींना पत्रं लिहायची. या नात्याला तिकडच्या मुली नुसतं ‘एस’ म्हणत, सिस्टरमधला पहिला एस.

मोठ्यांना हे चालायचं, बरं का. कारण सगळ्यांनी गृहीत धरलेलं, की शाळा संपली की हे संपणार, मग मुलगी लग्न करून जाणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते खेळू द्यावेत तसं ते खेळू द्यायचं. योशिया बाईंनी मात्र पत्ते गुंडाळले नाहीत. १९२३ मध्ये मोन्मा चियो ही गणिताची शिक्षिका त्यांना भेटली, आणि १९७३ मध्ये बाई गेल्या तोवर दोघी एकत्र राहिल्या. लग्न करायची सोय नव्हती, म्हणून १९५७ मध्ये त्यांनी चियोला कायद्याने दत्तक घेतलं. पन्नास वर्षांचा संसार, आणि कागदावर आई-मुलगी. हे वाचून मी चहा गाळायची विसरले, पातेल्यात काळा झाला.

तू म्हणशील, आई इतिहासात का शिरली? कारण सरळ मुद्द्यावर यायला मला भीती वाटते. येते हळूहळू.

तुझी ‘सिट्रस’ मी तिसऱ्या भागाशी मिटली. युझूच्या आईने दुसरं लग्न केलं, त्यातून मेई सावत्र बहीण म्हणून घरात आली, आणि शाळेत तीच विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष. इथवर ठीक. पण मेईला काही सांगायचं असलं की ती बोलत नाही, अंगावर येते, आणि पुढच्या पानावर काही घडलंच नाही अशी पाठ फिरवते. समोरची गोंधळून जाते, आणि त्या गोंधळालाच लेखिका प्रेमाची चाहूल म्हणून दाखवते. तू म्हणाली होतीस की पुढे मेई सुधारते. सुधारत असेल. मी वर्गात रोज पन्नास मुलींना सांगते की कुणी विचारल्याशिवाय वही ओढली तरी ‘नको’ म्हणायचं. मला ते पचलं नाही. चित्रं मात्र फार देखणी काढलीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

‘ओनीसामा ए’ची गोष्ट वेगळी. तू लॅपटॉपवर लावली होतीस ती, १९९१ची मालिका, रियोको इकेदांच्या मांगावरून केलेली. नानाको ही मुलगी सगळं पत्रातून एका तरुणाला कळवते, त्याला ‘दादा’ म्हणते. तिच्या शाळेत एक मंडळ असतं, निवडक मुलींचं, आणि त्या मंडळापायी वर्गात जे काही चालतं ते बघताना मला आमची स्टाफरूम आठवली. त्यातली मारिको मी विसरू शकत नाही. नानाकोची दुसरी कुणी मैत्रीण तिला सहनच होत नाही. असं प्रेम करणारी मुलगी दर वर्षी माझ्या वर्गात एक तरी असते. ती वाईट नसते ग. तिच्या घरी कुणी नसतं, आणि जे मिळालं ते मुठीत आवळून धरायची तिला सवय लागते. आवळल्यावर पाखराचं काय होतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मारिकोच्या घरचंही तसंच निघालं तेव्हा मी पडद्याकडे बघून ‘बघ’ म्हणाले. तू हसलीस.

आता ‘ब्लूम इंटू यू’. निओ नाकातानीची, २०१५ ते २०१९, आठ भाग. हे आठही मी दोनदा वाचले. नायिकेचं नाव यू, त्यामुळे इंग्रजीत वाचताना प्रत्येक वेळी कुणीतरी मलाच हाक मारतंय असं वाटायचं.

या यूला प्रेमाची गाणी पाठ आहेत, पण तिच्या आत काही हलत नाही. शाळा सुटताना एका मुलाने विचारलं, त्याला उत्तर द्यायला तिला शब्द सापडत नाहीत. तिची अडचण ऐकून घेते ती तोको, वरच्या वर्गातली, हुशार, सगळ्यांची लाडकी. आणि मग तोकोच तिच्या प्रेमात पडते. अट एकच, तू माझ्यावर प्रेम करू नकोस.

मी इथे पुस्तक मांडीवर ठेवून बसले. किती गोड दिसतं ते पहिल्यांदा! काही मागत नाही बिचारी. पण दुसऱ्या भागात तोको कारण सांगते. ‘तू अशी आहेस म्हणून मला आवडतेस’ असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ होतो, अशी राहिली नाहीस तर आवडणार नाहीस. हे तिला नको. आणि स्वतः मात्र यूला तेच सांगते, जशी आहेस तशीच राहा, बदलू नकोस. तिची थोरली बहीण अपघातात गेलेली, लहानपणापासून ही त्या बहिणीची नक्कल करत जगलेली. स्वतःचाच तिटकारा. दुखावलेल्या माणसाचं मागणं म्हणून आपण ते सोडून देतो. यूही देते, आणि आतून बदलत असताना न बदलल्याचं नाटक करत राहते. मनू, यात ओरडाआरडा नाही, मारिकोसारखी मूठ आवळणं नाही, तरी मला सगळ्या फळीवर सर्वांत जास्त धास्तावलं ते यानेच. हळद-दुधातून दिलेलं विष आहे हे. एकजण सगळा वेळ मायेने वागते आणि दुसरी तिच्या मायेपायी स्वतःला थोडं थोडं कमी करत जाते.

सहाव्या भागात यू शेवटी सांगून टाकते, आणि तोकोच्या तोंडून निघतं ते ‘माफ कर’. पुढे गोष्ट सावरते. मला वाटलं होतं सावरणार नाही. आमच्या वेळच्या गोष्टी सावरायच्या नाहीत. कॉलेजात मी तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलं होतं. १९८१चं नाटक, विनय आपट्यांनी बसवलेलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा या मुलीचं काम केलेलं. मित्राचा जीव नामा या मुलीवर; नामा तिला झुलवते, मित्रा झुलत राहते, आणि शेवटी मित्रा उरत नाही. तिकडे जपानात र्‍योको यामागिशीने १९७१ मध्ये दोन मुलींची गोष्ट काढली, फ्रान्समधल्या शाळेत घडणारी, त्यातलीही एक शेवटी मरते. इतक्या लांबलांबच्या लेखकांना एकच शेवट सुचत होता. वसतिगृहात ते नाटक आम्ही हातोहात फिरवलं आणि मित्राची सगळ्यांनी कीव केली. नामाबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता ते. सयाका आठवते ना तुला? तोकोची मैत्रीण, मनातल्या मनात झुरणारी. आधीच्या शाळेत तिच्यापेक्षा मोठ्या एका मुलीने तिला जवळ केलं, आणि मग एक दिवस सांगितलं की तो लहानपणाचा चाळा होता, आता आपण मोठ्या झालो. त्या पानावर मी थांबले ती दोन दिवस. कारण ते वाक्य मी बोलले आहे.

२००९ साली, तू पहिलीत होतीस. नववी ब मधल्या एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात मला चिठ्ठी सापडली, तिच्याच बाकावरच्या मुलीची. ‘उद्या निळी रिबीन लाव, मीपण लावते. तुझ्याशिवाय मला डबा जात नाही.’ अशा सहा-सात ओळी. ‘तुझ्याशिवाय’मधला शि दीर्घ लिहिला होता, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांनी आधी तो ऱ्हस्व केला. मग मी ती चिठ्ठी मोठ्या बाईंकडे नेली. स्टाफरूममध्ये ती वाचली गेली. कुणी हसलं. त्याच वर्षी जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाचा समलैंगिक संबंधांबाबतच्या ३७७ कलमावरचा निकाल आला होता, टेबलावरच्या पेपरात सगळं छापून आलेलं, तरी आमच्यापैकी कुणाला त्या कागदाचा आणि या कागदाचा संबंध लागला नाही. दोघींच्या घरच्यांना बोलावलं. मी मधे पडून समजुतीचं बोलले असं तेव्हा मला वाटलं होतं. म्हणाले, हे वयच असं असतं, काळजी करू नका, निघून जातं.

एकीला मामाकडे धाडलं. दुसरी दहावीपर्यंत एकटी बसली. तिचे निबंध चांगले असायचे, त्या वर्षापासून नेमके पंधरा ओळींचे यायला लागले. पुढे तिचं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते तिचं आहे, पत्रात लिहिणार नाही.

‘ब्लूम’मध्ये ती कॉफीचं दुकान चालवणारी मियाको आहे ना, सयाका तिला हळूच विचारते, तुम्ही आणि आमच्या त्या बाई... मियाको लपवत नाही आणि भाषणही देत नाही. हो म्हणते, ऐकून घेते, तिच्यापुढे कॉफी ठेवते. सयाकाचं दुःख त्याने मिटत नाही, पण पुढे क्योतोच्या सहलीत ती तोकोला स्पष्ट सांगू शकते, नकार ऐकू शकते आणि उभी राहू शकते. नकार देणारी तोकोही तो नीट देते. आठ भागांत मला सर्वांत हळुवार वाटला तो हा नकार, फुलांच्या पाकळ्या उडतात ती पानं नव्हेत. मी सारखी विचार करते, त्या नववीतल्या मुलींना एक मियाको भेटली असती तर. कॉफी नको, आमच्या शाळेसमोरच्या गाड्यावरचं लिंबू सरबत चाललं असतं.

यात तुझ्याबद्दल मी काही विचारत नाहीये, हे ध्यानात घे. विचारायचं असतं तर फोन केला असता. तुझं जपानी कसं चाललंय, मेसमध्ये ताक देतात का, एवढंच मला हवंय. बाकी तुला वाटेल तेव्हा.

एक कबुली राहिली. ‘ब्लूम’च्या पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं आहे, दोन हस्ताक्षरांत. एक तुझं. मी ते वाचायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दुसऱ्या भागात एकाच ठिकाणी नजर गेली. तोको बदलू नकोस म्हणते तिथे तुझ्या अक्षरात ‘किती गोड’ असं आहे, आणि खाली त्या दुसऱ्या, जरा तिरक्या अक्षरात, ‘गोड नाही, नीट वाच.’ त्यानंतर मी उरलेल्या भागांच्या कडांवर पोस्टकार्ड धरून वाचलं.

ती तिरक्या अक्षराची जी कोण आहे तिला माझा निरोप सांग, तिचं बरोबर आहे. आणि दिवाळीत घेऊन ये. शंकरपाळ्या तिखट आवडतात की गोड ते आधी कळव, म्हणजे बाबांना मैदा तेवढा आणायला सांगते. पोस्टकार्ड आठव्या भागात तसंच आहे, काढू नकोस.

तुझी,
आई