काकांबद्दल आईला विचारशील का?

लीड्स

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नव्हतं. तू बेळगावात शहापूरला असलीस की आई शेजारी बसलेली असते, आणि चंदगडला असलीस की घर माणसांनी भरलेलं. म्हणून लिहिते आहे. एकटी असताना वाच.

गेल्या उन्हाळ्यापासून माझा उजवा हात कापतो. मांडीवर ठेवला की शांत असतो, पण चहाचा कप तोंडाशी नेताना इतका हलतो की मी आता चारचौघांत चहाच घेत नाही. लिहिताना अक्षर कसंबसं निघतं, पण शिरोरेघ ओढायला गेलं की हात मध्येच उसळतो आणि रेघ वाकडी वर जाते. त्यामुळे हे पत्र टाइप केलंय. हल्ली जीभही जड झाल्यासारखी वाटते, ऑफिसात लोक दोनदा विचारतात. सव्विसाव्या वर्षी हे काय, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. ब्रेन ट्यूमर, एमएस हा मज्जातंतूंचा आजार, सगळं मनात येऊन गेलं.

इथल्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ बघितलं. दोन्ही ठीक. मग न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी हात पुढे पसरून धरायला सांगितले, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढून घेतली. आणि एकदम विचारलं, आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? मी हो म्हटलं. अप्पांनी मामाची मुलगी केली, आपल्या भागात त्यात काही विशेष नाही. पुढचा प्रश्न होता, घरात कुणी तरुणपणी हात कापत, बोलणं अडखळत किंवा काविळीनं गेलंय का?

आक्का, मला धाकटे काका आठवले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण तू पाहिलंयस. तूच एकदा म्हणाली होतीस, काका मागावर बसायचे ते बसेनासे झाले, धोटा हातातून पडायचा. आई विचारलं की 'कावीळ झाली होती' म्हणते आणि उठून जाते. आजी तर बाधा झाली म्हणायची.

डॉक्टरांना एका आजाराची शंका आहे, विल्सन्स डिसीज. लंडनच्या किनियर विल्सन यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. आपण खातो त्यातलं जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. या आजारात ते टाकता येत नाही. मग तांबं आधी लिव्हरमध्ये आणि पुढे मेंदूत साचतं. म्हणून कुणाला कावीळ दिसते, कुणाला हाताचा कंप. दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो, आणि नात्यात लग्न झालं की तो दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. अजून काही ठरलेलं नाही. डोळ्यांची तपासणी व्हायची आहे, कारण या आजारात बुबुळाच्या कडेला तांब्याची तपकिरी कडी दिसते. चोवीस तासांची लघवी जमवून द्यायची आहे, एमआरआय आहे. दुसरंच काही निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. पण हाच निघाला तर १९५६ पासून त्यावर औषध आहे. जन्मभर घ्यावं लागतं, पण माणूस जगतो. काकांच्या वेळी ते औषध होतं, फक्त आजार कुणी ओळखला नाही, असं तर झालं नसेल ना, हा विचार डोक्यातून जात नाही.

म्हणून तुला एक काम सांगते. शिनोळीवरून बेळगावला जाशील तेव्हा आईला माळ्यावरची ट्रंक उघडायला लाव. काकांचे दवाखान्याचे कागद असतील तर फोटो काढून पाठव. नसतील तर तिला एवढंच विचार: आधी हात कापायला लागला की आधी डोळे पिवळे झाले? पोटात पाणी झालं होतं का? कितव्या वर्षी गेले?

ती बोलायची नाही, हे मला माहीत आहे. बाळ्याची सोयरीक बघणं चाललंय, घराण्यात आजार आहे म्हटलं की स्थळं माघारी जातील ही तिची भीती खरी आहे. पण मला हा आजार निघाला तर तुला आणि बाळ्यालाही तो असण्याची शक्यता चारात एक धरतात. अंगात लक्षण नसताना सापडला तर औषधानं पुढचं सगळं टळतं. लग्नाआधी कळलेलं बरं की नंतर, तूच सांग. माझा रिपोर्ट आला की तुम्ही दोघांनी नेहरूनगरला केएलई हॉस्पिटलात जाऊन तपासून घ्यायचं. रक्तात सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, किती आहे ते बघतात.

आईला तांब्याच्या तांब्यातल्या पाण्याचं काही बोलू नकोस. रात्री भरून ठेवायची आणि सकाळी आम्हाला द्यायची, त्यानं हा आजार होत नाही. पण आपण केलं म्हणून ती रडत बसेल. पुढे भांडं बदलायला लागलं तर मीच सांगेन.

डोळ्यांची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. त्याआधी काही कळलं तर बघ. भाऊजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
छोटी