मुक्काम कुठे करायचा, हे आईला विचारणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. माझी लेक याचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवणार आहे. तरीही मी मराठीत लिहितेय, कारण आईचा तसा आग्रह आहे. तिच्या बहिणींना आणि सासवडच्या शेजारणींना हे पत्र वाचता आलं पाहिजे, असं ती म्हणते. शिवाय दर उन्हाळ्यात आई-वडील देशातून आले की आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशी मोठी गाडी, भाड्याने घेऊन महिन्याचा किराणा भरून निघणारी मराठी कुटुंबं अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्याही हे वाचनात यावं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. त्या दिवशी फोटो काढतानासुद्धा तुम्ही बाजूला सरकला होतात.

आरव्हीच्या सहलीवरून घरी येऊन बरेच दिवस झाले, पण तुमचा विषय निघाला की अजून माझा गळा दाटून येतो. तुम्ही भेटायच्या आधी आम्हाला जे भेटले, तेही त्याला कारण आहे.

बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. त्यांना रात्रभर सीपॅप मशीन लागतं आणि मशीनला रात्रभर वीज लागते. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला निघण्याआधी सांगितली होती. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर सांगितली, तर “गाडीत सगळीकडे प्लग आहेत” एवढं उत्तर मिळालं. बाहेरून वीज जोडलेली असेल किंवा जनरेटर चालू असेल तरच त्या प्लगांना करंट येतो, गाडीत इन्व्हर्टर नाही, हे तिथे कोणी बोललं नाही. पैसे घेऊन प्रवासाची आखणी करून देणाऱ्या बाईंनाही मी तेच कळवलं होतं. त्यांच्याकडून सुंदर फोटोंची पीडीएफ आली. तिच्यातले मुक्काम एकूण मैलांना दिवसांनी भागून काढलेले होते. छोट्या मोटारीला लागतात तेवढेच तास त्यांनी आमच्या अवजड गाडीला धरले होते. डेन्व्हर सोडलं की आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फूट उंचीपर्यंत चढतो. तिथे अशी गाडी ट्रकांच्या रांगेतूनच वर जाते. पुढे यूटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना हा सुमारे ११० मैलांचा पट्टा आहे. त्यात पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, वस्ती नाही. त्यांच्या वेळापत्रकाने तो पट्टा आमच्या वाट्याला दिवस मावळताना आला.

आणि ज्या खासगी कॅम्पग्राउंडचे, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागेचे, पैसे आम्ही आधीच भरले होते, तिथे पोचलो तर आमच्या जागेवर दुसरीच गाडी उभी. ऑफिसात एकजण होता. काचेआडूनच म्हणाला, उशिरा आलात, जागा देऊन टाकली. आईने मशीनची पिशवी वर धरून दाखवली, हात जोडले. त्याने आतला दिवा मालवला. काका, मला त्या माणसाचा राग अजून आहे आणि तो मी लपवणार नाही. जागा नसणं मी समजू शकते. सत्तरी ओलांडलेल्या बाईने जोडलेले हात बघून दिवा मालवणं मला समजत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. राष्ट्रीय वनातलं साधं कॅम्पग्राउंड, गाड्यांना वीज-पाण्याची जोडणी नाही, दहानंतर जनरेटर चालवायला बंदी, आणि सात हजार फुटांवरची थंडी. तुम्ही टॉर्च घेऊन आलात. नियमांचा फलक दाखवायला आला असाल असं मला वाटलं. तुम्ही पिशवीकडे बघितलंत आणि विचारलंत, “कोणाचं आहे?” तिथे मुक्कामाला असणारे होस्ट म्हणून तुमच्या एकट्याच्या जागेला वीज होती. आमची गाडी तुम्ही तुमच्या शेजारी मागे घ्यायला लावलीत आणि तुमच्या खांबावरून जाड केबल ओढून आणलीत. केबल पायवाटेला आडवी जात होती तिथे पायपुसणं पसरलंत, म्हणजे रात्री कोणी अडखळायला नको. बाबा झोपले. मशीनचा आवाज चालू आहे, एवढ्यानेच मला रडू आलं.

एवढ्यावरही हे पत्र लिहिलं असतं. पण खरं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळसाठी आहे.

लाकडी टेबलावर तुम्ही मोठा रोड ॲटलास पसरलात. माझे यजमान पीडीएफ उघडून कुठे जायचंय ते सांगायला लागले. ब्राइस आणि झायन ही राष्ट्रीय उद्यानं, मग वर यलोस्टोनचं उद्यान, परत वायोमिंगमधून घरी. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत आणि आईकडे वळलात. “तुमच्या आईला विचार,” तुम्ही माझ्या लेकीला म्हणालात, “संध्याकाळी किती वाजता थांबलेलं त्यांना बरं वाटतं?”

आईने आधी माझ्याकडे बघितलं. उत्तर द्यायचं का, अशी ती नजर होती. आमच्या घरात सहल ठरताना आई “मला काय, कुठेही चालेल” म्हणते आणि विषय तिथे संपतो. सासवडला असंच, डेन्व्हरलाही असंच. म्हणून तिने सवयीने तेच उत्तर दिलं आणि लेकीने ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, पेन्सिल काढलीत, कागद सरळ केलात आणि वाट बघत बसलात. दुसरा प्रश्न विचारला नाहीत, घाई केली नाहीत.

मग आई बोलायला लागली. उजेड असताना थांबावं, म्हणाली. अंधारात गाडीच्या पायऱ्या उतरायची भीती वाटते, खालची पायरी दिसत नाही. दिवेलागणीला देवापुढे नाही तर नुसतं ओट्यावर का होईना, निरांजन लावून हात जोडायला मिळावेत. बाबांच्या गोळ्या जेवणाआधीच्या आहेत, म्हणून भात वेळेवर शिजावा लागतो आणि चालत्या गाडीत कुकर लावता येत नाही. नव्या जागी पहिल्या रात्री तिला झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री लागते. हे शेवटचं तर मला या वयातसुद्धा माहीत नव्हतं. लेक सांगत गेली, तुम्ही लिहीत गेलात. “चालत्या गाडीत कुकर नाही” हेसुद्धा तुम्ही लिहिलंत.

बाबांनाही मग हुरूप आला. ते म्हणाले, माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्या सासवडला येते तेव्हा तिथे दोन मुक्काम असतात, चढणीनंतर माणसाला दोन रात्री लागतातच. लेकीने तुम्हाला वारी समजावून सांगितली. आळंदी ते पंढरपूर, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या गावी थांबत. तुम्ही फार लक्ष देऊन ऐकलंत. मग म्हणालात की आरव्हीवाल्यांचाही एक जुना आडाखा आहे. दिवसाला फार तर ३०० मैल, दुपारी ३ च्या आत मुक्कामावर, आणि जमेल तिथे ३ रात्री. “तुमच्या आईबाबांनी तो न ऐकताच सांगितला,” असं तुम्ही म्हणालात तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

त्यानंतर कुठे तुम्ही ॲटलासकडे बघितलंत.

पुढची आखणी तुम्ही केलीत त्यातलं सगळं इथे लिहीत नाही, पण काही गोष्टी इतरांच्या कामाच्या आहेत. ब्राइस बघायला तुम्ही आम्हाला पँग्विचला, वीज-पाणी असलेल्या जागी ठेवलंत आणि पार्कात शटल बसने फिरायला सांगितलंत. झायनला जाताना पीडीएफने पूर्वेचा, १९३० साली खुला झालेल्या बोगद्यातून जाणारा रस्ता दिला होता. त्या बोगद्यात एवढी उंच गाडी नेहमीसारखी जाऊच शकत नाही. तुम्ही आम्हाला हायवे २० ने आय-१५ वर उतरवून पश्चिमेकडून स्प्रिंगडेलला पाठवलंत. यलोस्टोनच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये आहेत, तिथे आयत्या वेळी जागा मिळणं अवघड. म्हणून वेस्ट यलोस्टोन गावात दोन-तीन ठिकाणी तुम्ही स्वतः फोन लावलेत. फोनवर तुम्ही पहिलं वाक्य “रात्री वीज जात नाही ना?” असं बोललात आणि दुसरं, “स्वच्छतागृहाजवळची जागा आहे का?”

आणि ती मोकळी रात्र. आय-८० वर रॉलिन्स ते लॅरामी या पट्ट्यात वारा किती भयंकर असतो ते तुम्ही सांगितलंत. एल्क माउंटनजवळ तो ट्रकसुद्धा आडवे पाडतो, म्हणून हलक्या आणि उंच गाड्यांना तो रस्ता कधीकधी बंद करतात. तुम्ही रॉलिन्ससमोर एका रात्रीऐवजी दोन लिहिल्यात आणि दुसरीभोवती गोल केलात. ही रात्र कोणत्याही कामाची नाही, लागली तर वापरा, नाही तर घरी लवकर जा, असं म्हणालात. काका, ती रात्र लागली. सकाळी फोनवर बघितलं तर उंच गाड्यांना रस्ता बंद. आदल्या रात्री आलेली आमच्यासारखीच एक गाडी ऑफिसबाहेर चिंतेत उभी होती, त्यांचं पुढचं बुकिंग लॅरामीचं होतं. आम्ही पत्ते काढले. आईने पिठलं केलं आणि त्यांनाही वाढलं.

तुमचं काम काय असतं, हे मी नंतर समजून घेतलं. होस्ट बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात. स्वतःच्या गाडीला फुकट जागा मिळते आणि त्या बदल्यात संडास धुवायचे, शेकोटीच्या खड्ड्यांतली राख काढायची, रात्री गोंगाट करणाऱ्यांना समजवायचं. आम्हाला पगार घेणारे दोघे-तिघे भेटले होते, प्रत्येकाच्या समोर संगणक होता. तुमच्याकडे पेन्सिल होती आणि समोरच्या बाईचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची तयारी. माझ्या लहानपणी वारीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर अनोळखी वारकरी झोपायचे आणि माझी आजी निजायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, पायाला तेल हवंय का, अंगावर पांघरूण आहे का. ते कुठून आले, हे ती नंतर विचारायची. तुमच्यासारखी माणसं सगळीकडे आहेत, यावर माझा विश्वास आहे. पण ती भेटेपर्यंत रात्र फार मोठी वाटते.

तुमच्या हातचा तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. यंदा ज्यांचे आई-वडील येताहेत अशा ओळखीच्या घरांना मी त्याची प्रत देतेय आणि नकाशा उघडण्याआधी आईला विचारायचे प्रश्न त्याच्यावर लिहून देतेय. गाडी देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवलं आहे की वीज कधी चालते आणि कधी नाही, हे गिऱ्हाइकाला निघण्याआधी सांगा. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहीन.

बाबांची तब्येत चांगली आहे. आईने तुमच्यासाठी गोडा मसाला बांधून ठेवलाय, तिखट अजिबात नाही, काकूंना सांगा. काकूंचा मनगटाला बांधलेला पट्टा सुटला का, हे आई रोज विचारते. पुढच्या हंगामात कोणत्या कॅम्पग्राउंडवर असाल ते नक्की कळवा, आणि तिथे पार्सल पोचतं का तेही.

आई-बाबांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
डेन्व्हरची लेक