घरमालकीण आजींना त्यांचं गाव विचार

प्रिय सायले,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस ना, की बाबा इथली आर्मेनियन लोकं एक प्रकारे रशियनच आहेत, तेव्हा तुला लेक्चरला पळायचं होतं म्हणून मी गप्प बसलो, पण ते काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. नाही गं, ती रशियन नाहीत. रशियाचं राज्य तिथे १८२८ ला आलं, त्याआधी येरेवान इराणच्या शहाकडे होतं. आणि तू राहतेस ते हे येरेवान त्याहून कितीतरी जुनं, इ.स.पू. ७८२ ला उरार्तू नावाच्या प्राचीन राज्याच्या अर्गिश्ती राजाने एरेबुनीचा किल्ला बांधला तिथून सुरू होतं. त्याने ते दगडावर कोरून ठेवलंय, एखाद्या रविवारी एरेबुनीला जाऊन बघून ये.

ते स्वतःला हाय म्हणतात आणि देशाला हायास्तान. हायक नावाच्या मूळपुरुषाचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा. हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं की हे फ्रिजियन नावाच्या लोकांतून फुटून पश्चिमेकडून आले, पण आता डीएनएच्या अभ्यासात त्याला फारसा आधार मिळत नाही, साधारण ४-५ हजार वर्षांपूर्वी त्याच भागात वेगवेगळे लोक मिसळले आणि नंतर ते मिसळणं जवळपास थांबलं असं दिसतं.

भाषा तर मला फारच आवडली. दाराला ते दुर म्हणतात, आपलं दार. मुलीला दुस्त्र, संस्कृतातली दुहिता! आधी अभ्यासकांना वाटायचं ही इराणी भाषांपैकीच एक, १८७५ ला ह्युब्शमान या जर्मन भाषातज्ज्ञाने दाखवून दिलं की ती आपल्याच मोठ्या भाषाकुळातली पण स्वतंत्र शाखा आहे. आजी तुला सायली जान म्हणतात ना, तो जान मात्र आपल्याकडे आणि त्यांच्याकडे दोन्हीकडे फारसीतूनच आलेला.

लिपी मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास केली, तेव्हा ३६ अक्षरं. त्याच लिपीतलं जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक कुठे छापलं माहितीये? आपल्या मद्रासला, १७९४ मध्ये, अज़्दारार नाव त्याचं. आणि मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटला त्यांचं चर्च आहे, १७९६ चं, शेजारच्या बिल्डिंगचं नाव अरारात. मी इतकी वर्षं ऑफिसला जाता-येता ती पाटी वाचायचो आणि कधी विचारलं नाही की अरारात म्हणजे काय. आता तू रोज गॅलरीतून बघतेस तो बर्फाचा डोंगर. त्यांच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा डोंगर, आणि तो आज तुर्कस्तानात, मधली सीमा १९९३ पासून बंद.

आणि ते २४ एप्रिलला आजी दिवसभर बोलल्या नाहीत, तू म्हणालीस त्या रागावल्यात का. रागावल्या नव्हत्या गं. १९१५ ला त्या तारखेला इस्तंबूलमध्ये त्यांचे लेखक, डॉक्टर, पुढारी उचलून नेले, आणि मग ऑटोमन तुर्कांच्या राज्यातली त्यांची गावंच्या गावं रिकामी केली, बायकामुलांना सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं. मेलेल्यांचा आकडा १५ लाखांपर्यंत सांगतात. जे वाचले ते बैरूत, अलेप्पो, फ्रान्स, अमेरिका असे कुठे कुठे विखुरले. पुढच्या वर्षी त्या दिवशी आजींबरोबर त्सित्सेर्नाकाबेर्दला, त्या मेलेल्यांच्या स्मारकाला जा, ज्योतीभोवती फुलं वाहतात तिथे, तूही वाहा.

तुझ्या पणजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आपल्याला कुणी मारलं नाही, तुलना नाहीच करत मी. पण आण्णा शेवटपर्यंत कुणी विचारलं की त्याच गावाचं नाव सांगायचे, तिथल्या विहिरीचं पाणी कसं लागायचं ते सांगायचे, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय. म्हणून म्हणतो, आजींना लावाश, म्हणजे त्यांची ती पातळ रोटी, भाजायला मदत करत असशील तेव्हा विचार, तुमचे आजोबा कुठल्या गावचे? वान, मुश, खारपुत, जे काय सांगतील ते नीट ऐक, घाई करू नकोस, नि नाव त्यांच्याच हातून त्यांच्या अक्षरांत कागदावर लिहून घे. मला फोटो पाठव त्याचा.

आईने मेतकूट पाठवलंय, पोचलं की कळव.

तुझे बाबा