गोळ्या घरी भरायच्या? आधी पुंगळीचं बूड बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रायफल शूटिंगवर लेख आला तो चांगलाच होता, फोटोपण मस्त, पण शेवटच्या कॉलममध्ये एक वाक्य असं टाकलंय की त्यानं माझ्या डोक्याला ताप झालाय. परदेशातले शूटर वापरलेल्या पुंगळ्या (बार उडाल्यावर काडतुसाचं उरतं ते रिकामं पितळी कवच) घरीच परत भरतात, आपल्या पोरांनीही हे शिकून घेतलं तर खर्च निम्म्यावर येईल, असं ते वाक्य. मी अमेरिकेत भाच्याकडं जाऊन हे सगळं बघून आलोय हे राजारामपुरीत सगळ्यांना माहीत (सांगत फिरलो मीच, दोष कुणाला देणार), त्यामुळं सोमवारपासून पोरं दारात, काका सुरुवात कशी करायची, मशीन कुठलं घ्यायचं. त्यातलं एक पोरगं तर हॉर्लिक्सची बरणी भरून पुंगळ्या घेऊन आलं, रेंजवर वेचलेल्या, सगळ्या .२२ च्या, म्हणजे बारक्या बोअरच्या रायफलच्या.

आता तिथंच घोटाळा आहे बघा. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), आपल्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या त्या ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे नुसतं झोपून, आणि ही दोन्ही .२२ ची कामं. या .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, त्या दुमडीत भरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते, कड चेमटते आणि बार उडतो. म्हणजे पुंगळी एकदा वाजली की संपली. मी त्या पोराला एक पुंगळी हातात देऊन नखानं बुडाची कड चाचपायला लावली, बारीक खाच लागली बोटाला, म्हटलं हीच खाच, ही आता परत कशी भरणार सांग. गप्प बसलं. ऑलिम्पिकवाला कुठलाही रायफल शूटर गोळी घरी भरत नाही, ते काय करतात तर एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेल्या गोळ्या, आपल्या रायफलच्या नळीतनं मारून बघतात, जो लॉट एका भोकात जास्त बसतो तो उचलतात. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, तिथं लॉटचा फरक कळतो.

परत भरता येतात त्या मोठ्या रायफलच्या, .३०८ वगैरे, कारण त्यांच्या बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या मसाल्याची वेगळी टोपी बसवलेली असते, ती काढून नवी घालता येते. भाच्याच्या गॅरेजमध्ये मी दोन रविवार स्टूल टाकून बसलो होतो. तिकडं स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही. आधी पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुश्यात घालून तासन् तास घुसळायच्या, आपल्याकडं पितळी भांडी चिंचेनं घासतात तशा लख्ख होतात, मग त्या प्रेसमध्ये दाबून मूळ मापाला आणायच्या कारण बार झाला की पितळ फुगतं आणि लांबीलापण वाढतं, वाढलेलं कापायचं, टोपी बसवायची, दारू मोजायची आणि वर गोळी दाबायची. ऐकायला इडलीपात्र लावल्यासारखं वाटतं. पण दारूचं माप ग्रेनमध्ये, १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुजरीतल्या सराफाच्या हिशोबानं गुंजेच्या जवळजवळ निम्मं, आणि भाचा त्याच्याही दहाव्या भागाला अडून बसायचा! टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, दुसरा कपाटात, कारण दोन्ही दिसायला सारख्याच काळ्या आणि चुकीची पडली तर रायफल तोंडासमोर फुटते. मॅन्युअलमध्ये कमीतकमी माप दिलंय तिथनंच सुरू करायचं, मनानं काही नाही. रेडिओ बंद. मी मधेच विचारलं चहा ठेवू का, तर हात वर करून थांबवलं मला, मामाला! ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चनं एकेकीत डोकावला आणि तिसऱ्या ओळीतली एक रिकामी निघाली. दारू पडलीच नव्हती. ती तशीच वापरली असती तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकली असती आणि ते न कळता मागनं दुसरा बार काढला असता तर नळी फाटली असती. आणि पैसे वाचतात का विचारलं तर हसला, म्हणाला मामा वाचत काही नाही, तेवढ्याच पैशात जास्त मारतो एवढंच.

आपल्याकडं तर मुळात कायदाच आडवा आहे आणि तुमच्या लेखात त्याची एक ओळ नाही याचंच जास्त वाईट वाटलं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ५, परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायचं मशीन हेसुद्धा दारूगोळ्यातच मोडतं, म्हणजे ऑनलाईन मागवलेला प्रेस पार्सलमधनं घरी आला तरी पंचाईत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. आमचे आजोबा आजऱ्याकडं ठासणीच्या बंदुकीत बार भरायचे, रानडुकरं हाकलायला, ते परवान्यावर आणि इलेक्शन लागलं की बंदूक पोलीस स्टेशनात जमा, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. विशीतल्या पोरानं पुरवणी वाचून मशीन मागवलं आणि केस लागली तर त्याचा पासपोर्ट, नोकरी, शूटिंग सगळंच गेलं की.

खर्चाचं दुखणं खरं आहे हो, ते मी नाकारत नाही. मॅच क्वालिटीची .२२ बाहेरनं येते, महाग येते, आणि थ्री पोझिशनची एक क्वालिफिकेशन म्हणजेच ६० बार, सरावाचे वेगळे. पण त्यावर लिहायचं तर क्लबांना गोळ्या कशा मिळतात, किती उशिरा मिळतात, तालुक्याच्या पोरांना रेंजवर किती गोळ्या वाट्याला येतात यावर लिहा ना. आणि ज्याला सुरुवातच करायचीय त्यानं १० मीटर एअर रायफलपासून करावी, ४.५ एमएमचा छर्रा, दारू नाही टोपी नाही, तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, एवढ्यात भल्याभल्यांची मस्ती उतरते.

तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, लेख होता त्याच पानावर आणि दिसेल अशी, कुठंतरी कोपऱ्यात नको. बरणीवाल्या पोराला पुंगळ्या क्लबात परत देऊन यायला सांगितलंय, तो म्हणतो पेपरात आलं तरच खरं मानतो, तोवर बरणी माझ्या टीव्हीवर आहे आणि बायको रोज विचारते हे काय ठेवलंय.

आपला,
एक जुना वर्गणीदार
राजारामपुरी, कोल्हापूर