डेंग्यूच्या विषाणूत डीएनए नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या विज्ञान पानावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना. पेशी विषाणूचा डीएनए 'वाचून' परका म्हणून ओळखते असं छापलंय, आणि उदाहरण दिलंय डेंग्यूचं! डेंग्यूच्या विषाणूत डीएनए नसतोच, आरएनए असतो. तो ओळखणारी यंत्रणा वेगळी. छापण्याआधी एखाद्या बारावीच्या मास्तरांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

वाचण्याचा तर प्रश्नच नाही. आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो. केंद्रकाबाहेर पेशीद्रवात डीएनए सापडला की सी-गॅस नावाचं प्रथिन त्याला जाऊन चिकटतं. त्यावरची अक्षरं काय आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग सी-गॅस एक छोटा रेणू बनवतं, तो स्टिंग या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतो आणि पेशी इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. अमेरिकेतल्या डॅलसच्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने हे २०१३ साली दाखवून दिलं. आपलाच डीएनए पेशीद्रवात सांडला तरी तीच बोंब उठते, काही आजारांत तसं होतंही.

पण खरा संताप आला तो शेवटच्या चौकटीचा. 'शरीर विषाणूला परतवतंच, औषधांची घाई नको.' चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना नागीण झाली. पाठीपासून बरगडीखालून पोटापर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा. शेजारच्या बायका म्हणाल्या काव लावा, तोंड-शेपूट जुळू देऊ नका. आमचे नेहमीचे डॉक्टरही म्हणाले, आपोआप बसेल. विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्यात असं असतं. आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे पोचलो सहाव्या दिवशी. फोड सुकले, पण पुढे आठ महिने सासूबाईंना पदर अंगाला लागलेला सोसत नव्हता. रात्र-रात्र तो हाताने बाजूला धरून बसायच्या.

नागिणीचा विषाणू डीएनएवालाच. कांजिण्या येऊन गेल्यावर मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसतो. पेशीची ही धोक्याची घंटा दाबणारी प्रथिनं त्याच्यापाशी असतात. मग कशाच्या जोरावर लोकांना थांबायला सांगता?

दुरुस्ती छापा, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि ते पानही पूर्वी दर आठवड्याला यायचं, आता महिन्यातून दोनदा येतं आणि निम्मं घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या जाहिरातींनी भरलेलं असतं, त्याचंही काहीतरी करा.

– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)